तिसऱ्या बेसवरचे हात

पडदा वर जातो तेव्हा रंगमंचावर एक लांब टेबल आहे. ओमानमधल्या सोहार औद्योगिक वसाहतीतल्या एका कॅम्पची मेस. सप्टेंबरातला शुक्रवार, जुम्म्याची नमाज नुकतीच आटोपलेली. बाहेर उन्हाने पत्रे तडतडतायत, आत दोन जुने एसी एकमेकांशी भांडल्यासारखे घरघरतायत. डावीकडच्या विंगेतून, म्हणजे स्वयंपाकघरातून, सुरमईच्या तुकड्या तळल्याचा वास येतो आहे. टेबलावर सोलकढीचा जग, स्टीलचे पेले, आणि भिंतीला टेकवलेला एक पांढरा फळा. फळ्यावर एक ते नऊ आकडे आहेत आणि आकड्यांपुढे काहीच नाही.

त्या रिकाम्या आकड्यांकडे बघत, हाताची घडी घालून, चंद्रहास तोरसकर उभा आहे.

हाताची घडी ध्यानात ठेवण्यासारखी. कारण चंद्रहासला जे ओळखतात त्यांनी त्याचे हात झोपेतसुद्धा स्वस्थ पाहिलेले नाहीत. आचऱ्याच्या किनाऱ्यावर त्याचा आजा वाळूच्या टेपावर उभा राहून रापणीच्या होडीला हाताने वाट दाखवायचा: मासा इकडे आहे, तिकडून वळवा. लाटांच्या आवाजात हाक पोचत नसे, हात पोचत. नातवाने तो वारसा घेतला. गावच्या दशावतारात चंद्रहास एकदाच राजा झाला, पहिल्याच प्रवेशात बोलणं विसरला, आणि निव्वळ हातांच्या जोरावर त्याने असा दरबार गाजवला की म्हातारी माणसं अजून त्या मुक्या राजाची आठवण काढतात. घरी व्हिडिओ कॉल लावला की बोलण्याच्या भरात फोनसकट हात उडायचा. मुलगी यशश्री तिकडून ओरडायची, "बाबा, पंखो दिसता! आता भिंत! आता तुमचा कान!"

अशा माणसाला पोटापाण्याचं कामही हातांचंच मिळालं. वसाहतीतल्या पोलादी सांगाड्यांच्या कारखान्यात तो रिगिंग फोरमन. क्रेनने तुळई उचलायची असते. क्रेन चालवणारा वर काचेच्या खोलीत, खाली यंत्रांचा कल्लोळ, शब्द ऐकू येण्याची सोय नाही. खालून चंद्रहास हातांनी सांगतो. बोट वर करून गोल फिरवलं, उचल. बोट खाली, उतरव. एक हात आडवा, थांब. आणि दोन्ही हात दोन्हीकडे पसरले, तर जिथे असेल तिथे, त्या क्षणी थांब. का, ते विचारायचं नाही. आधी थांबायचं, मग विचारायचं.

वर काचेच्या खोलीत सिराज होडेकर. रत्नागिरीच्या बाजूचा, खाडीकाठचा. बोलायला कमी आणि हसायला पुढे. चंद्रहास आणि सिराज दहाएक वर्षं एकमेकांसमोर काम करत होते. खालचे हात आणि वरची नजर. दोघांची जुगलबंदी अशी की दोन टनांची तुळई जमिनीवर टेकताना धूळ उडत नसे.

आता बेसबॉल यात कुठून आला? पूर्वी कारखान्यात एक कोरियन इंजिनियर होते, किमसाहेब. ते काम संपवून मायदेशी गेले तेव्हा बॅटी, मोठे चामडी पंजे आणि चेंडू असं सगळं बोचकं मेसमध्ये ठेवून गेले. त्याआधी दोन हिवाळे त्यांनी या क्रिकेटवाल्यांना मैदानात पळवलं होतं. किमसाहेब गेले, खेळ राहिला. संघाचं नाव पडलं 'सोहार सुरमई'. निळ्या सदऱ्यावर चंदेरी मासा. हिवाळ्यातल्या शुक्रवारी सकाळी फिलिपिनो, कोरियन आणि बंदरावरच्या संघांशी सामने होत, आणि सुरमई बहुतेकदा तळली जाई.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांनी पत्त्यातली चौकट डोळ्यांसमोर आणावी. चार टोकांना चार जागा. खालच्या टोकावर, म्हणजे होमवर उभं राहून चेंडू टोलवायचा, बॅट तिथेच टाकायची आणि पहिला, दुसरा, तिसरा बेस करत परत होमवर यायचं. की झाली एक धाव. पळणाऱ्याला मागे वळून चेंडू बघत बसता येत नाही. म्हणून तिसऱ्या बेसपाशी, मैदानाच्या जरा बाहेर, चुन्याने एक चौकट आखलेली असते. तिच्यात संघाचा एक माणूस उभा राहतो आणि हाताने सांगतो: पळ, किंवा थांब.

ती चौकट चंद्रहासची. गुडघे बोलायला लागल्यापासून बॅट त्याने खाली ठेवली होती; पण त्या चुन्याच्या चौकटीत पाऊल टाकलं की तो मुका राजा पुन्हा सिंहासनावर बसायचा. आठवडाभर पिवळ्या हेल्मेटाखाली वाकलेला माणूस तिथे एक वीतभर उंच दिसे.

आणि तिथेच मार्चमध्ये घात झाला.

उपांत्य सामना. समोर मस्कतहून आलेला फिलिपिनो संघ. शेवटची इनिंग, दोघांच्या धावा सारख्या, सिराज दुसऱ्या बेसवर. बॅटिंगला असलेल्या रुचिरने चेंडू कधी नव्हे तो पुढे मारला आणि तो थेट कुंपणाला लागला. चंद्रहासने हात गोल फिरवला: पळ! सिराज तिसऱ्या बेसकडे वाऱ्यासारखा निघाला. तिकडे क्षेत्ररक्षकाच्या हातून चेंडू सुटला. रस्ता मोकळा. जिंकलोच! चंद्रहासला राहवेना. चौकट सोडून तो बाहेरच्या बाजूने धावत होमपाशी गेला, सिराजकडे तोंड करून उभा राहिला आणि त्याला कवेत घ्यायला त्याने दोन्ही हात पसरले.

सिराज थांबला.

जागच्या जागी. होमपासून चार ढांगांवर. हवेत उचललेली तुळई थांबते तसा, एक पाय पुढे, एक मागे. डोळे चंद्रहासच्या हातांवर. तेवढ्यात चेंडू आला आणि कॅचरने सावकाश, माफी मागितल्यासारखा, सिराजच्या खांद्याला लावला. बाद. पुढच्या, जादा इनिंगला फिलिपिनो मंडळींनी सामना नेला.

त्या दिवशी सगळे हसले. सिराजही हसला. पण विनोदाला कधी विंगेत जायचं ते कळावं लागतं, आणि हा विनोद रंगमंच सोडेना. सिराज मेसमध्ये शिरला की वेल्डर आदिल दोन्ही हात पसरून उभा राही आणि सगळे एका सुरात ओरडत, "थांब!" एप्रिल गेला, मे गेला, खजूर पिकला, तरी तेच.

म्हणून आज चंद्रहासने हाताची घडी घातली होती. लीगवाल्यांना रविवारपर्यंत पुढच्या सीझनची नावं द्यायची होती आणि सिराजची खुर्ची रिकामी होती.

"काका, सुरू करू या का?" अजिंक्यने लॅपटॉप उघडला. अजिंक्य संघाचा कप्तान, कारखान्यात क्वालिटी इंजिनियर, पुण्याचा. मुलगा हुशार आणि मनाने लख्ख. "फलंदाजीचं बोलू. गोलंदाजी आपली बरी आहे, धावा होत नाहीत हे दुखणं आहे. पहिला रुचिर."

"रुचिर पयलो," चंद्रहासने मान हलवली. "पण बाबा, तुझो तो लेट कट घरी ठेवन ये."

"काका, काय सुंदर बसतो पण तो!" रुचिर कळवळला.

"सुंदर बसतो आणि मागे जातो," अजिंक्य म्हणाला. "मागे गेलेल्याला या खेळात फाऊल म्हणतात. गेल्या सीझनला तू पिचरच्या डोक्यावरून मारण्यापेक्षा अंपायरच्या कानाजवळून जास्त मारलेस."

"दुसरा साई," रुचिरने विषय बदलला. "सलालाहून बदली होऊन आलाय, डावखुरा आहे. परवा सरावात पार्किंगमधल्या गाडीपर्यंत मारला."

"कोणाची गाडी?"

"अर्बाबची. खुद्द मालकाची."

"मगे दुसरो नको, आठवो घाल," चंद्रहास म्हणाला. "चार दिवस नजरेआड रवंदे."

तिसरा आदिल. आदिलपुढे वेगळंच संकट होतं. त्याच्या हातून बॅट सुटत नसे. लहानपणापासून बॅट घेऊन पळायची सवय. गेल्या सीझनला तो बॅटसकट दुसऱ्या बेसपर्यंत गेला, बॅटचं टोक बेसवर टेकवलं, क्रीजमध्ये टेकवतात तसं, आणि स्वतः हातभर बाहेर ऐटीत उभा राहिला. बाद दिल्यावर दहा मिनिटं भांडला.

"मी यंदा सोडणार बॅट," आदिलने छातीला हात लावला. "इन्शाल्ला."

"इन्शाल्ला नको, नक्की बोल," स्वयंपाकघरातून रामकृष्णदादा गरजले. मेसचे आचारी, संघात शेवटचे फलंदाज. झारा हातात घेऊन उभे राहिल्यासारखे उभे राहत आणि चेंडू तळल्यासारखा हळूच उलटत. पण पिचर त्यांच्या मिशीला बिचकायचा, हे खरं.

हसणं ओसरलं आणि चर्चा चौथ्या आकड्यापाशी आली.

चौथा म्हणजे घरचा कर्ता. पहिले तिघे बेसवर जाऊन उभे राहतील, त्यांना होमवर आणायचं ते याने. लांब मारणारा माणूस लागतो. सुरमईकडे असा एकच होता.

अजिंक्यने लॅपटॉप अर्धा मिटला. "काका, सिराजभाई बंदरवाल्यांकडे जातोय असं ऐकतोय. आणि खरं सांगू? तो राहिला तरी मी त्याला चौथा ठेवू शकत नाही. उन्हाळ्यातल्या सरावात तुम्ही पाहिलंत ना? मारतो चांगला, पण प्रत्येक बेसपाशी अडखळतो. एकदा तुमच्याकडे बघतो, एकदा चेंडूकडे, मग पुन्हा तुमच्याकडे. बाद होतो."

अजिंक्य चुकीचं बोलत नव्हता. चंद्रहासने हाताची घडी सोडली. फळ्यापाशी गेला, चारपुढे 'सिराज' लिहिलं. मग खाली कोपऱ्यात गेल्या सीझनपासून राहिलेली एक ओळ होती, 'तिसरा बेस, चंद्रहास'. तळहाताने त्याने त्यातलं आपलं नाव पुसलं.

"काका!"

"आयका," चंद्रहास म्हणाला. तळहात शाईने निळा झाला होता. त्याकडे बघतच तो बोलला. "ऑगस्टात एक सकाळी तुळई सरकत होती. मी हात आडवो केलंय. थांब. ती थांबली नाय. हातभर पुढे गेली, मग थांबली. खाली कोण नव्हतो म्हणून निभावला. इतक्या वर्षांत सिराज माझ्या हातापुढे एक बोट गेलो नाय. मैदानात माझे हात खुळे झाले, म्हणून यार्डात तेका इचार करूची पाळी इली. तेचो चौथो नंबर ऱ्हवंदे. मी चौकटीत उभो रवूचंय नाय."

आदिल पेल्यातल्या सोलकढीत काहीतरी शोधत होता.

नाटकात अशा वेळी दार उघडतं. इथेही उघडलं. दारात सिराज उभा होता, हातात कापडाने बांधलेलं पातेलं. सवयीने आदिलचे हात जरासे उचलले गेले, आणि त्याने ते घाईघाईने मांडीखाली दाबले.

"अंबरीनने सांदणं दिलीयत," सिराज म्हणाला. अंबरीन त्याची बायको, इथे सोहारातच असते. नारळाच्या रसातली तिची सांदणं म्हणजे मेसमध्ये ईद. पातेलं टेबलावर ठेवून तो उभाच राहिला. "बसत नाय. एवढंच सांगायला आलो, बंदरवाल्यांना मी हो बोललोय. तुमाला दुसरीकडून कळू नये."

मग त्याची नजर फळ्यावर गेली. चार, सिराज. खाली निळा फराटा.

"हे कोणी पुसलं?"

"मी," चंद्रहास म्हणाला.

"का?"

"तू संघात रवूक व्हयो म्हणून." चंद्रहासने खुर्ची पुढे सरकवली. "बस, मेल्या. सांदणां थंड होतली."

सिराज बसला. तो कापडाची गाठ सोडू लागला. "चंदूभाय, त्या सकाळी तुमचा हात बघितला ना, तर डोक्यात हे सगळे हसले. मी हात बघत राहिलो, खरंच थांबायचं का काय म्हणून. तेवढ्यात बीम गेला. घरी येऊन अंबरीनला बोललो, आता क्रेन नको. ती बोलली, क्रेन सोडू नको, हसणारे सोड. म्हणून बंदरवाले."

"भाई, मस्करी होती," आदिल पुटपुटला.

"मस्करीच होती. मी पण हसलो की. पण आदिल, क्रेनला मस्करी कळत नाय."

आदिल उठला. काय करावं ते सुचेना म्हणून त्याने सिराजच्या पेल्यात सोलकढी ओतली, पेला भरून बाहेर सांडेपर्यंत. रुचिरने फडकं आणलं.

"मी चुकीचा नाय थांबलो," सिराज हळू आवाजात म्हणाला. "हरलो, पण चुकीचा नाय थांबलो. त्या हातांवर थांबायचंच असतं."

"थांबूचाच असता," चंद्रहास म्हणाला. "म्हणून तर माझे हात मैदानातून काढतंय. हातांनी एकच गोष्ट सांगूक व्हयी."

"हात काढा. पण तुमी कशाला जाताव?"

"हाताबिगर मी कोण रे?"

"तोंड हाय की. यार्डात ऐकू येत नाय, मैदानात येतं. हात मागे बांधा आणि ओरडा."

आधी अजिंक्य हसला. मग रामकृष्णदादा, झारा हातात घेऊनच. चंद्रहासने काही उत्तर द्यायला हात वर केला, आणि सगळ्यांकडे बघून तो तसाच खाली घेतला.

सिराजने फळ्याजवळ जाऊन निळ्या फराट्यावर 'चंदूभाय' लिहिलं.

"आणि बंदरवाले?" अजिंक्यने विचारलं.

"सांगतो, अर्बाब नाय बोलले."

"अर्बाबांना बेसबॉल माहीत तरी आहे का?"

"गाडीवर चेंडू पडलाय ना," सिराज म्हणाला, "आता माहीत असणार."

रविवारी सकाळी यार्डात एक लांब तुळई उचलायची होती. चंद्रहास नेहमीच्या जागी, सिराज काचेत. तुळई वर गेली, वळली. अर्ध्या वाटेत, काही कारण नसताना, फक्त कळावं म्हणून, चंद्रहासने हात आडवा केला. तुळई जागच्या जागी थांबली. साखळीची कडीसुद्धा वाजली नाही. चंद्रहासने श्वास सोडला आणि बोट गोल फिरवलं. जेवताना सिराजने आपल्या डब्यातला तळलेला बांगडा त्याच्या ताटात ठेवला, एवढंच.

ऑक्टोबरात ऊन जरा मऊ झालं आणि नव्या सीझनचा पहिला सराव लागला. सकाळची कोवळी वेळ, मैदानावर पाणी मारलेलं, चुन्याची चौकट नुकती आखलेली. चौकटीत चंद्रहास, आणि पाठीमागे दोन्ही मुठींत घट्ट धरलेला एक पंचा, हात सुटू नयेत म्हणून. नव्या रिवाजाने आदिलने पहिलाच चेंडू मारला, बॅट टाकली, चार पावलं पळाला, परत येऊन बॅट उचलून नीट बाजूला ठेवली आणि बाद झाला. प्रगती होती.

मग सिराज. त्याच्या टोल्याचा आवाज वेगळा असतो, कोरडा, एकच. तो दुसऱ्या बेसपर्यंत पोचला. पाठोपाठ रुचिरने चेंडू पुढे मारला, खरोखर पुढे, थेट कुंपणाकडे.

"पळ!" चंद्रहास ओरडला. "पळ सिराज, पळ, बगू नको, पळ!" आवाज असा लागला की बाजूच्या खजुरीवरचे साळुंक्यांचे थवे उठले. सिराजने तिसरा बेस घेतला. चंद्रहास चौकट सोडून त्याच्या बरोबरीने बाहेरून धावत होता, पोट पुढे, हात मागे, गुडघे ओरडतायत, तोंडाने अखंड, "थांबू नको, थांबू नको!" सिराजने मान वळवली नाही, पाऊल अडखळलं नाही. त्याने होमवर पाय ठेवला आणि तसाच उभा राहिला, धापा टाकत, हसत.

सगळे ओरडत धावत आले. चंद्रहास समोर उभा. डोळ्यांतून पाणी वाहतंय, आणि पाठीमागे पंचा अजून तसाच करकचून धरलेला. मुठी पांढऱ्या पडलेल्या.

"चंदूभाय," सिराज म्हणाला, "आता सोडा हात. मी पोचलो."

चंद्रहासने मान हलवली.

"पयलो तू बाजूक हो," तो म्हणाला. "मी आता हात पसरलंय, तर मेल्या, परत थंयच थांबशीत."